दहापैकी सात

जेवणाच्या टेबलाशी त्याला जागा नसते. त्याच्यासाठी कुणी ताटली मांडत नाही, खुर्ची ओढत नाही, ‘अजून थोडं घ्या ना’ म्हणत नाही. आत चार पाहुणे आणि एक यजमान हसत-बोलत जेवत असतात, तेव्हा त्याचा कुठं पत्ता नसतो. रात्री उशिरा दारात निरोपाच्या मिठ्या मारून होतात, दार लागतं, पाहुणा टॅक्सीच्या मागच्या सीटवर टेकतो, आणि मग तो हातात येतो. एक साधा पांढरा पुठ्ठा. त्यावर एकच आकडा, लांबून वाचता येईल एवढा मोठा. पाहुणा तो छातीशी धरतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि दोन-तीन वाक्यांत सांगून टाकतो, की आजच्या जेवणाला, आजच्या घराला आणि आजच्या माणसाला दहापैकी इतके.

ब्रिटनमध्ये चॅनेल फोर या वाहिनीवर 10 जानेवारी 2005 रोजी ‘कम डाइन विथ मी’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून हा पुठ्ठा नोकरीत आहे. नियम एका दमात सांगता येतील इतके सोपे. एकाच गावातली किंवा आसपासची, पण एकमेकांना अजिबात न ओळखणारी पाच माणसं. सोमवार ते शुक्रवार, रोज एकाच्या घरी जेवण. आधी काहीतरी हलकं, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड. बाकीचे चौघं पाहुणे म्हणून येतात, जेवतात, जाताना गुण देतात. आठवड्याच्या शेवटी ज्याची बेरीज जास्त, त्याला हजार पौंड. पुढं चौघांचेही भाग निघाले, जोडप्यांचे निघाले, नामवंतांचे निघाले. नामवंत आपली रक्कम धर्मादाय संस्थेला देतात. पुठ्ठा मात्र सगळीकडे तोच राहिला.

या कार्यक्रमात सूत्रसंचालक दिसत नाही. डेव्ह लॅम्ब यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. स्वयंपाकघरात कुणाचं काही करपलं, कुणी मीठ दोनदा घातलं, की तो आवाज लगेच टोकतो. परीक्षकही नाहीत. त्याच वर्षी बीबीसीनं ‘मास्टरशेफ’ नव्या रूपात आणलं, तिथं चव घ्यायला या क्षेत्रातली मुरलेली माणसं उभी होती. इथं पाहुणा हाच परीक्षक. त्याला सॉस फाटला की नाही हे कळत असेल किंवा नसेल, आयुष्यात त्यानं कधी भेंडी खाल्ली नसेल, मासा बघून त्याला मळमळत असेल. तरी त्याच्या मांडीवरच्या पुठ्ठ्याचं वजन दुसऱ्याच्या पुठ्ठ्याइतकंच. मला हे फार मोलाचं वाटतं. घरचं जेवण जाणकारांसाठी रांधलेलं नसतंच. जे आलेत त्यांच्यासाठी ते असतं, आणि बरं-वाईट ठरवायचा हक्कही त्यांचाच असतो.

पुठ्ठ्यावर रकाने नाहीत. चवीला किती, मांडणीला किती, गप्पांना किती, अशी फोड करायची सोय नाही. सगळं एका आकड्यात कोंबायचं. म्हणून तो आकडा दिसतो तेवढा सरळ नसतो. कोंबडी कोरडी झाली होती, पण यजमानानं आईच्या आजारपणाबद्दल जे सांगितलं त्यानं टेबल गप्प झालं होतं. मग किती द्यायचे? जेवण उत्तम होतं, पण यजमान रात्रभर स्वतःबद्दलच बोलत राहिला. मग किती कापायचे? टॅक्सीतला पाहुणा या प्रश्नांशी झटापट करत असतो. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

एक संध्याकाळ जवळून पाहू. अशी संध्याकाळ या कार्यक्रमात वेगवेगळ्या घरांत कितीदा तरी घडून गेली आहे, तपशील तेवढे बदलतात. यजमानीण सकाळपासून उभी आहे. गोडासाठी तिनं पन्ना कोटा ठरवलाय. क्रीम, दूध, साखर, व्हॅनिला आणि जिलेटिन. जिलेटिनचे काचेसारखे पातळ पापुद्रे आधी गार पाण्यात भिजवून मऊ करायचे, पिळायचे आणि गरम क्रीममध्ये विरघळवायचे. क्रीमला खळाखळा उकळी येता कामा नये, नाहीतर जिलेटिनचा जोर जातो. मग वाट्यांत ओतून फ्रीजमध्ये कित्येक तास ठेवायचं. तिनं वाचलंय, लिहून घेतलंय, फ्रीजच्या दारावर कागद चिकटवलाय. पण समोर कॅमेरा आहे, प्रश्न विचारणारं कुणीतरी आहे, मटणाच्या मांडीला लावायचं वाटण राहिलंय, आणि एका शाकाहारी पाहुण्यासाठी भरल्या मिरच्या वेगळ्या करायच्या आहेत. पन्ना कोटा फ्रीजमध्ये जाईपर्यंत दुपार टळते.

संध्याकाळी दाराची घंटा वाजते. पाहुणे येतात, हातात बाटली किंवा फुलं. तिचा मेनू त्यांनी आपापल्या घरी आधीच वाचलेला असतो, त्यावर नाकं मुरडून किंवा ओठांवरून जीभ फिरवून झालेली असते. पहिला पदार्थ चांगला जातो. मटण एकाला गुलाबी वाटतं, तो कडेकडेचं खातो. मधल्या वेळात ती स्वयंपाकघरात असताना दोघं जिना चढून तिच्या झोपायच्या खोलीत जातात, कपाट उघडतात, फोटो उचलून बघतात, तिच्या सपाता घालून हसतात. हाही या कार्यक्रमाचा रिवाज आहे, आणि यजमानांना तो आधीपासून माहीत असतो. मग गोड. ती वाटी गरम पाण्यात क्षणभर बुडवते, ताटलीवर उपडी करते, उचलते. पन्ना कोटा उभा राहत नाही. ताटलीभर पसरतो.

त्या क्षणी ती एकटी असते. मला या कार्यक्रमातली सगळ्यात खरी जागा हीच वाटते. बाहेर चार अनोळखी माणसं बसली आहेत, आत तिच्यासमोर तिच्या दिवसभराच्या श्रमाचं पांढरं थारोळं आहे. पुठ्ठा तिला दिसत नाही, पण तो आहे हे तिला माहीत आहे. काही जण इथं चिडतात, काही रडतात, काही फ्रीजला दोष देतात. ही बाई काचेचे चार ग्लास घेते, त्यात ते ओतते, वर रासबेरी ठेवते, चमचे घेते आणि बाहेर येऊन सांगून टाकते की हे जमलेलं नाही, पण चव बरी आहे, पिऊन टाका. टेबल हसतं. तिच्यासकट हसतं. ग्लास रिकामे होतात.

आता टॅक्सी. पहिला पाहुणा सात दाखवतो. दुसरी आठ दाखवते आणि म्हणते, या आठवड्यात मी इतकं मोकळेपणानं हसले नव्हते. गुलाबी मटणवाला सहा देतो, जरा ओशाळून. शाकाहारी पाहुण्याला मिरच्या मनापासून आवडलेल्या असतात, पण तो कंजूष हाताचा, त्याचेही सातच. अठ्ठावीस. यजमानिणीला यातलं काहीही कळत नाही. ती एव्हाना सिंकसमोर उभी राहून, कॅमेऱ्याकडे पाठ करून भांडी विसळत असते.

पुठ्ठा टेबलापाशी न येता टॅक्सीत का येतो, यावर मी बराच विचार केलाय. सोपं उत्तर असं, की ब्रिटिश माणूस तोंडावर खरं बोलत नाही. दारात ‘अप्रतिम’, ‘सुंदर’, ‘काय मेहनत घेतलीस’ असं म्हणून झाल्यावर गाडीत बसून सहा द्यायचे, हा दुटप्पीपणा झाला, असं अनेक प्रेक्षकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीवरून उठताना यजमानाला हात जोडून ‘छान झालं हो सगळं’ म्हणतात, आणि रिक्षा कोपऱ्यावर वळली की मठ्ठा आंबट होता, जिलबी गार होती, आणि आळूच्या भाजीत दाणे मोजून घातले होते, हे सुरू होतं. दारात बोललेलं खोटं नसतं आणि रिक्षात बोललेलंही खोटं नसतं. दारात आपण माणसाशी बोलतो, रिक्षात जेवणाबद्दल बोलतो. ज्यानं दिवसभर घाम गाळून आपल्यापुढं ताट ठेवलं त्याच्या तोंडावर आकडा फेकणं ही क्रूरता आहे, आणि ती टाळायची म्हणूनच पुठ्ठ्याला घराबाहेर ठेवलंय. ज्यांनी हा कार्यक्रम रचला त्यांना माणसाची चांगली पारख होती. टेबलाची अब्रू त्यांनी टेबलापाशी राखली आणि खरं बोलायला वेगळी जागा काढून दिली.

पण या पुठ्ठ्याची खरी परीक्षा वेगळीच आहे, आणि तिच्यामुळं मला त्याचं एवढं कौतुक वाटतं.

गणित मांडून बघा. पाच स्पर्धक. प्रत्येकाला चार पाहुण्यांकडून प्रत्येकी दहापर्यंत, म्हणजे चाळीसपैकी गुण. गुण देणारा प्रत्येक जण स्वतः स्पर्धेत आहे. मी तुला आठऐवजी तीन दिले तर तुझी बेरीज पाचनं घसरते आणि माझी जागच्या जागी राहते. मला शिक्षा नाही, दंड नाही. आठवडाभर तुला कळणारही नाही. नियमात कुठंही लिहिलेलं नाही की प्रामाणिकपणे द्या. निव्वळ हिशेबी माणसं खेळली असती तर प्रत्येक टॅक्सीत प्रत्येक पुठ्ठ्यावर एकच आकडा दिसला असता, एक. पाचही जण चाराचार गुणांवर अडकून बसले असते आणि कार्यक्रम पहिल्याच आठवड्यात बंद पडला असता.

तसं झालं नाही. इतकी वर्षं झाली, शेकडो आठवडे झाले, पुठ्ठ्यांवर बहुतेक वेळा सहा, सात, आठ दिसत राहिले. हजार पौंड ही ब्रिटनमधल्या साध्या नोकरदाराला काही किरकोळ रक्कम नव्हे. ती समोर असताना, कुणी बघत नसताना, फसवणं इतकं सोपं असताना माणसं प्रतिस्पर्ध्याला आठ देतात. यामागं काय आहे? आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते आहे. तासाभरापूर्वी ज्याच्या हातचं खाल्लं, ज्याच्या घराच्या उबेत बसलो, ज्यानं आपला कोट घेऊन खुंटीला टांगला, त्याला ठरवून खाली ओढायला हात धजत नाही. टॅक्सी चालत असते, पोट भरलेलं असतं, आणि पोट भरलेलं असताना माणूस जरा बरा वागतो.

डावपेच करणारेही असतात, नाही कशाला म्हणू. दोन, तीन असे आकडे कधी दिसतात, आणि त्यामागचं कारण चव नसून बेरीज आहे हे लगेच ओळखू येतं, कारण तो पाहुणा पुठ्ठा दाखवताना फार बोलतो. कारणांची रांग लावतो. सूप कोमट होतं, खुर्ची टोचत होती, संगीत जुनाट होतं. खरा सहा देणारा असं बोलत नाही. तो एक वाक्य बोलतो आणि खिडकीबाहेर बघतो. प्रेक्षक अशा डावपेचवाल्याला माफ करत नाहीत. खराब स्वयंपाक केलेल्याला ते विसरतात, खाऊन उलटलेल्याला नाही.

यातला सात हा आकडा मला विशेष जवळचा. दहा क्वचित दिसतो, आणि दिसला की देणाऱ्याचे डोळे भरलेले असतात. नऊ म्हणजे देणाऱ्याला हा माणूस पुन्हा भेटायला हवाय. पाच म्हणजे दुखावणं, आणि देणाऱ्याला ते ठाऊक असतं. सहामध्ये एक माफी दडलेली असते. सात हा भल्या माणसाचा आकडा. त्यात जेवणातली चूक मोजलेली असते आणि ती जिव्हारी लागणार नाही याची काळजीही घेतलेली असते. सात देणाऱ्याला आपण पुढच्या दिवशी याच माणसाशेजारी बसणार आहोत याचं भान असतं. शाळेत सातला कुणी पेढे वाटत नाही, पण चार अनोळखी माणसांनी आपल्याला, आपल्या घराला, आपल्या पसरलेल्या पन्ना कोटाला सात द्यावेत, ही काही छोटी गोष्ट नाही.

पुठ्ठा 2005 साली छापला गेला, पण आकडा त्याच्या आधीपासून ब्रिटिश पाहुण्याच्या मनात होता. दुसऱ्या महायुद्धानंतरही तिथं रेशनिंग चाललं होतं. मांसावरचं बंधन सुटलं ते जुलै 1954 मध्ये. त्याआधीच 1950 मध्ये एलिझाबेथ डेव्हिड यांनी भूमध्य समुद्राकाठच्या जेवणावरचं पुस्तक काढलं होतं, ऑलिव्ह तेल आणि लसूण यांच्याबद्दल अशा लोकांसाठी लिहिलं होतं ज्यांना साधं लोणी पोटभर मिळत नव्हतं. पुढच्या दोन-तीन दशकांत मध्यमवर्गीय घरात ‘डिनर पार्टी’ रुजली. कोणती वाइन, कोणते चमचे, किती मेणबत्त्या, यावरून माणूस कोणत्या थरातला ते ठरायचं. माइक ली यांचं ‘अॅबिगेल्स पार्टी’ हे 1977 चं नाटक पाहिलं की कळतं, त्या काळी घरी पाहुणे बोलावणं म्हणजे केवढा ताण होता. तो ताण हसण्याखाली दाबलेला असे, बोलून दाखवता येत नसे. या कार्यक्रमानं केलं ते असं, की टेबल मोठ्या घरांतून काढून सगळ्यांच्या घरात नेलं. केस कापणारी, निवृत्त सैनिक, विद्यार्थी, सरकारी घरात राहणारी एकटी आई, नुकताच देशात आलेला कुणी. मनातला आकडा बाहेर काढला, पुठ्ठ्यावर लिहिला, आणि सगळ्यांना एकाच दहापैकी बसवलं. चांदीचे काटे-चमचे असलेल्या घराला सहा आणि घडीच्या टेबलावर वाढलेल्या जमैकन करीला नऊ मिळालेले मी पाहिलेत, तेव्हा मला खरोखर आनंद झालाय.

पुठ्ठा पुढं देशोदेशी गेला. जर्मनीत 2006 पासून, फ्रान्समध्ये 2008 पासून, तुर्कस्तानातही त्याच सुमाराला. फ्रेंचांनी त्याच्यावर रकाने पाडले: स्वयंपाक वेगळा, टेबलाची सजावट वेगळी, मैफलीचं वातावरण वेगळं. मला ते तितकंसं रुचत नाही. फोड केली की माणूस निसटतो.

त्याची सगळ्यात अवघड नेमणूक इराण्यांकडे झाली. लंडनहून फारसीत प्रसारण करणारी मनोतो ही वाहिनी 2010 मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर ‘बेफर्मायीद शाम’ लागू लागला. जेवायला या, असं आवतण. देश सोडून आलेली इराणी माणसं एकमेकांच्या घरी जेवायची आणि गुण द्यायची. आता इराणी पाहुणचाराला तारोफ नावाचं एक मोठं शिस्तशास्त्र आहे. यजमानानं आपल्या पदार्थाला कमी लेखायचं, पाहुण्यानं ते वर उचलायचं. चहा आधी नाकारायचा, मग पुन्हा नाकारायचा, मग आग्रहाखातर घ्यायचा. दुकानदारसुद्धा पैसे सांगण्याआधी ‘राहू द्या’ म्हणतो. अशा माणसांच्या हातात गुण देण्याचं काम सोपवायचं म्हणजे त्यांच्या हाडांत मुरलेल्या रीतीला हात घालणं होतं.

आणि तिथं मोजायचं काय होतं? ताहदिगसारखी गोष्ट. तांदूळ अर्धवट उकडून निथळायचा. पातेल्याच्या तळाला तेल किंवा तूप, त्यात केशर. त्यावर भात डोंगरासारखा रचायचा, झाकणाला फडकं गुंडाळायचं म्हणजे वाफेचं पाणी परत भातात गळत नाही, आणि मंद आचेवर ठेवून द्यायचा. तळाला सोनेरी, कुरकुरीत थर धरतो, आपण जिला खरपुडी म्हणतो तिचीच मानाची बहीण. पातेलं ताटात उपडं करायचं आणि ती अख्खी निघायला हवी. आईच्या घरी ती अख्खी निघायची. इथल्या विजेच्या शेगडीवर, परक्या पातेल्यात, ती निघेल का? पातेलं उलटताना टेबलावरच्या सगळ्यांचा श्वास अडकतो, कारण प्रत्येकाच्या मनात तेहरान, शिराज किंवा तब्रिझमधलं एकेक स्वयंपाकघर उभं असतं. त्या खरपुडीला आकडा द्यायचा म्हणजे आठवणीला आकडा द्यायचा.

हा कार्यक्रम इराणच्या आत लोक चोरून बघायचे. उपग्रह वाहिन्यांच्या छत्र्यांवर तिथं 1990 च्या दशकापासून बंदी, तरी गच्च्यागच्च्यांवर छत्र्या. पडद्यावर बायका केस मोकळे सोडून स्त्री-पुरुषांच्या पंगतीत बसलेल्या, टेबलावर वाइन, कुणी शहा असताना देश सोडलेला, कुणी क्रांतीनंतर, कुणी अगदी परवा. सरकारी दूरदर्शनवर जे कधीच दिसलं नसतं ते एका साध्या जेवणाच्या निमित्तानं घराघरांत दिसत होतं: वेगवेगळ्या विचारांचे इराणी एका टेबलाशी बसून वाद घालतायत, रुसतायत, आणि शेवटी एकमेकांना गुण देतायत. मनोतोचं प्रसारण 2024 च्या जानेवारीअखेर पैशांअभावी थांबलं. पण इतक्या हळव्या लोकांमध्ये, इतक्या जड आठवणींच्या ताटांपुढं पुठ्ठ्यानं काम करून दाखवलं, हे मी त्याच्या सेवापुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहीन.

शेवटच्या रात्री निकाल. शेवटच्या यजमानाच्याच घरी, त्याच्याच टेबलाशी, जेवण झाल्यावर तो वाचला जातो. आठवडाभर टॅक्सीत दडलेल्या पुठ्ठ्यांची बेरीज पहिल्यांदाच माणसांसमोर येते. एका गाजलेल्या भागात हरलेल्या यजमानाला ती सोसली नाही आणि त्यानं जिंकलेल्या बाईला भर टेबलावर वाट्टेल तसं सुनावलं. ती चित्रफीत आजही लोक एकमेकांना पाठवून हसतात. मला तिच्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. त्या माणसानं घर सजवलं होतं, रांधलं होतं, आणि पाहुण्यांच्या लेखी ते कमी भरलं हे त्याला त्याच्याच घरात, त्याच्याच तोंडानं वाचावं लागलं. त्याचं वागणं चुकीचंच. पण निकाल यजमानाच्या घरी वाचायचा हा नियम बदलायला हवा, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. टेबलाची अब्रू आठवडाभर सांभाळायची आणि शेवटच्या दिवशी तिथंच बेरीज आणून ठेवायची, हे पुठ्ठ्याच्याही स्वभावाला धरून नाही.

बहुतेक आठवडे मात्र असे संपत नाहीत. लोक टाळ्या वाजवतात, जिंकणारा तोंडावर हात धरतो, हरणारा त्याच्या पाठीवर थाप मारतो. आणि अधूनमधून बरोबरी होते. कुणी कुणाशी ठरवलेलं नसतं, वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या टॅक्सींत, एकमेकांपासून लपवून दाखवलेले ते आकडे जुळून दोघांची बेरीज सारखी येते. मग हजार पौंडांचे दोन वाटे होतात, पाचशे-पाचशे. निम्मे पैसे गेले म्हणून खट्टू झालेले विजेते मला फारसे दिसले नाहीत. उलट असे दोघे बहुधा उठून टेबलाला वळसा घालतात आणि आधी एकमेकांकडे जातात, पैशांकडे नंतर.